टक्कल पास, तर जाळी पास

पत्रा कापणाऱ्या मामांचा कॉम्प्युटरवर काडीचा विश्वास नाही. दवाखान्याच्या भिंतीसाठी मी कॉम्प्युटरवर पत्र्याची जाळी आखली होती; ऊन जास्त तिथं भोक बारीक. मामांनी नमुना भर दुपारी उन्हात उभा केला, टोपी काढली आणि जाळीमागं, तिच्या सावलीत टक्कल धरून बसले.

"मामा, कॉम्प्युटर बरोबर म्हणतोय."

"त्याला ऊन लागतंय व्हय? डावा कान भाजला की माझा! हितं पेशंट बसनार हायेत, पापड न्हाय."

फाइल उघडली, तर भिंतीची दिशाच मी उलटी घातलेली. ऑफिसातल्या आमच्या सरांनी माझी चटणीच केली असती. पण मामा त्यांना म्हणाले, "माझ्याकडनं पत्रा वाकडा कापला गेला, परत कापतो."

नवा नमुना लावून मामा पुन्हा बसले. हूं नाही, चूं नाही. घाबरून मागं डोकावलो, तर मामा चक्क घोरत होते.