बादलीतला गणू आणि जाहराचं तळं

मे महिना लागला की कुवेतमधल्या अबू हलीफातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये एकच विषय असायचा, सुट्टीचा. कुंड्या कोणाकडे ठेवायच्या, किल्ल्या कोणाकडे द्यायच्या. दोन हजार चार-पाच सालची गोष्ट. त्या वर्षी आम्ही तिघंही दोन महिने पुण्याला जाणार होतो आणि आमच्यापुढे एक जादा प्रश्न होता. गणूचं काय करायचं?

गणू म्हणजे आमच्या नऊ वर्षांच्या सईचा मासा. शुक्रवार बाजारातून आणला तेव्हा करंगळीएवढा होता. टाकीतल्या तीन सोबत्यांना त्याने एकेक करून गट्ट केलं आणि तळहाताएवढा झाला. तरी सईचा जीव त्याच्यावर. ती टाकीपाशी आली की तो काचेला तोंड लावून उभा राहायचा, मग आम्हीही त्याला सगळे खून माफ केले. शेजारीपाजारी विचारून झालं, पण सगळेच सुट्टीवर निघालेले. शेवटी कल्पना माझीच. जाहराला गोड्या पाण्याचं राखीव तळं आहे, तिथे सोडू. मोठ्या पाण्यात सुखाने राहील. आमच्या आजोळी घाटावर माशांना कणकेचे गोळे घालायची पद्धत होती. त्या हिशेबाने हे तर त्याहून मोठं पुण्य.

"यू प्रॉमिस ही विल बी ओके?" सईने विचारलं.

"प्रॉमिस," मी म्हटलं. सुधीर, म्हणजे आमचे हे, तेव्हा पेपर वाचत होते. प्रॉमिस देताना ते नेहमी पेपर वाचत असतात.

शुक्रवारी पहाटे पाचला निघालो. तुम्हीही जाणार असाल तर मे महिन्यात पहाटेच निघा, नवानंतर गाडीचं हँडल धरवत नाही. सिक्स्थ रिंग रोडने तासाभराचा रस्ता. माणशी दोन बाटल्या पाणी, टोपी, जमलं तर दुर्बीण. आत सोडतात की नाही याची आधी चौकशी करा. आमच्यासाठी सुधीरच्या ऑफिसातल्या एकाने परवानगी काढून ठेवली होती. वाटेत फरवानियाला थांबून दीडशे फिल्सना एक अशी फलाफिल सँडविच घेतली. बादली सईच्या पायांत होती, वर जाळीचं झाकण. प्रत्येक सिग्नलला ती झाकण उचलून बघत होती.

या देशात नदी नाही. पाऊस पडला तर कोरड्या ओढ्यांतून चार दिवस पाणी धावतं आणि संपतं. त्यामुळे सपाट, पिवळट जमिनीतून एकदम बोरूची हिरवी बेटं दिसली तेव्हा सुधीरने गाडीच हळू केली. वेडे राघू तारेवर ओळीने बसले होते. पाण्याला थोडा वास होता, ते खरं. पण बारा वर्षं कुवेतमध्ये राहून मी बेडकाचा आवाज पहिल्यांदा ऐकला आणि मला उगीचच भरून आलं.

मी बादली घेऊन काठाशी वाकले, तोच मागून हाक आली. हिंदीत.

"भाभीजी, रुकिए. बालटी में क्या है?"

तिथले राखणदार होते. आमचं आपसातलं बोलणं ऐकून ते लगेच मराठीवर आले. हसनभाई, गाव दापोली. मी मोठ्या अभिमानाने गणू दाखवला. त्यांचा चेहरा पडला.

"सोडू नका हां. मी पाया पडतो."

मी जरा चिडलेच. म्हटलं, "एका माशाने काय होतंय?"

ते एका उथळ डबक्याशी आम्हाला घेऊन गेले. तिथलं पाणी सकाळीच कोमट झालेलं, आणि त्यात बोटाच्या पेराएवढे, अंगावर पट्टे असलेले मासे मजेत फिरत होते.

"ह्यो हितला. कडक ऊन, खारा पानी, सगला सोसतो," हसनभाई म्हणाले. "पलीकडच्या डबक्यात पन होता. गेल्या साली कोनी तरी तुमच्यासारकाच मासा आनून सोडलान. त्याने सगले खाल्लान. आता एक पन गावत नाय."

सईने बादलीकडे पाहिलं. टाकीतले तीन सोबती मला तेव्हा आठवले. पुण्य करायला निघालेली मी त्या इवल्या माशांची वाटच लावणार होते. लाज वाटली, आणि प्रॉमिसचं काय करायचं तेही कळेना. सईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

हसनभाईंनी ते पाहिलं. "फरवानियात माजी खोली हाय," ते म्हणाले. "आठ मानसा आहोत. तुमी येईपर्यंत ठेवतो. टाकी तेवडी द्या."

संध्याकाळी टाकी, पंप, खाण्याचा डबा त्यांच्या खोलीवर पोचवला. दुमजली पलंगांच्या मधल्या स्टुलावर गणू विराजमान झाला.

दोन महिन्यांनी परत आलो ते विमानतळावरून सामान घरी टाकून थेट फरवानियाला. गणू चांगलाच फुगला होता. भिंतीवर कागद होता, कोणी कोणत्या दिवशी खायला घालायचं त्याचा. मल्याळी, तेलुगू, उर्दू, सगळ्या लिप्यांत नावं. सई टाकीपाशी गेली. तो तिच्याकडे आला नाही, हसनभाईंच्या बोटाकडे गेला.

हसनभाईंनी टाकी पुसायचं फडकं हातात घेतलं, मग ठेवून दिलं. "घेऊन जा बाय, तुजाच हाय," ते म्हणाले. "पन एक बोलू भाभी? हितं ड्युटीवरून आल्यावर कोन आपली वाट बघत नाय. ह्यो बघायचा."

मी सईला काही सुचवलं नाही, देवाशपथ.

आजही आमच्या हॉलमधल्या टेबलावर टाकीच्या पायांच्या चार खुणा आहेत आणि मी त्या पुसत नाही. जाहराला आम्ही दर हिवाळ्यात जातो, पट्टेवाले मासे अजून आहेत ना ते बघायला. आहेत. पण या सगळ्यातलं मला सर्वांत जास्त आठवतं ते फरवानियातल्या त्या खोलीत घडलेलं. एरवी माझ्या प्रत्येक प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देणारी माझी मुलगी मराठीत बोलली, आणि तेही माझ्याशी नाही.

"काका, राहू दे त्याला. पण रात्री लाइट बंद करत जा. त्याला झोप येत नाही."