मागच्या बाकाची नम्रता

आमच्या रायपुरातल्या मराठी मंडळीत कोण किती नम्र आहे हे पाहायचं असेल, तर उपासनेच्या बऱ्याच आधी चर्चमध्ये यावं. नम्र माणसं तेव्हाच हजर असतात, कारण मागचे बाक लवकर भरतात. शेवटच्या जागी बसावं ही प्रभूची शिकवण आमच्याकडे इतकी मनावर घेतलेली आहे, की त्या जागेवर लोक रुमाल टाकून ठेवतात. कूलरही मागेच आहे, हा निव्वळ योगायोग. पुढच्या बाकावर धूळ असते.

त्या धुळीत एकटी माझी आई बसायची. तिला कमी ऐकू यायला लागलं होतं. पाळकांचे ओठ दिसले, तरच संदेश कळायचा. "कोणाले सांगू नको," असं तिनं मला बजावलं होतं. मग मंडळीनं आपला अर्थ आपणच लावला. एका रविवारी उपासनेनंतर चहा चालला होता. नम्रतेवर दरवर्षी न चुकता बोलणाऱ्या आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई आईजवळ आल्या आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "काकू, काहून नेहमी पुढंच बसता? बरं नाही दिसत. लोक याले मोठेपणा म्हणून राहिले."

लोक म्हणजे त्याच. हे मात्र आईला नीट ऐकू गेलं. मी तोंड उघडणार तोच तिनं माझा हात दाबला. तात्यापाऱ्यातल्या घरी येऊन तिनं चपला काढल्या. मग म्हणाली, "खरंच असंल. पुढल्या रविवारी मागं बसू." माझं डोकंच फिरलं.

पुढल्या रविवारी आई मागे बसली, नेमकी त्या बाईंच्याच शेजारी. कूलर घरघरत होता. संदेश संपेपर्यंत ती डोळे ताणून पाळकांकडे पाहत राहिली, पण तिच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं की एक शब्दही पोचत नाही. मूक प्रार्थनेसाठी कूलर बंद झाला. आई कुजबुजली. म्हणजे तिच्या मते कुजबुजली. ऐकलं सगळ्या मंडळीनं.

"प्रभू, या बाईच्या पोराची सिलतऱ्याच्या कारखान्यातली नोकरी टिकू दे. रोज मागते, कंटाळू नको. अन् मले इथून काही ऐकू येत नाही, पण तुले माझं येत असंल."

बाई उठल्या, आईचा दंड धरून तिला पुढे घेऊन गेल्या आणि पदरानं बाक पुसला, दोघींपुरता.