चालकाशी बोलू नये

किस्से मुद्दाम जमवायला बसलं की एकही हाती लागत नाही, आणि एकदा लागायला लागले की मोबाइल म्हणतो, 'स्टोरेज फुल'! माझ्या मोबाइलमध्ये अप्पांचे साडेसहा तास आहेत. ते मावावेत म्हणून मी लेकाच्या लग्नाचे व्हिडिओ डिलीट केले. लेक अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

अप्पा म्हणजे माझे वडील. मोताळ्याला राहतात. एकतीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर होते. मागच्या वर्षी घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल. ऑपरेशनची तारीख दहा दिवसांनंतरची मिळाली. म्हणजे अप्पांच्या आवाजाचे दहा दिवस उरले होते.

आता बोलका माणूस असता तर दहा दिवस पुष्कळ झाले. पण एसटीत ड्रायव्हरच्या मागे पाटी असते ना, 'चालकाशी बोलू नये', ती अप्पांनी रिटायर झाल्यावर घरीसुद्धा पाळली! माझ्या भावाची मुलगी सायली पुण्याला असते. तिने नेटवरून एक यादी शोधून काढली, 'आजी-आजोबांना विचारायचे पन्नास प्रश्न'. रोज पाच प्रश्न मी विचारायचे, रेकॉर्ड करायचे आणि तिला पाठवायचे, असं ठरलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. म्हटलं, प्रश्न विचारणं हा तर आपला रोजचाच उद्योग आहे.

*

पहिला प्रश्न : तुमचं बालपण कसं होतं?

अप्पा म्हणाले, "बरं होतं."

रेकॉर्डिंग चार सेकंदांचं. त्यातले तीन माझे!

दुसरा : आईवडिलांबद्दल काय आठवतं? "चांगले होते." तिसरा : शाळा कशी होती? "दूर होती." माझ्या वर्गातल्या पोरांनी अशी उत्तरं लिहिली तर मी सरळ शून्य देते. अप्पांना कोण देणार?

सायलीचा व्हॉइस मेसेज आला, "आजोबा, प्लीज थोडं एक्स्पांड करा ना!"

"काय कराले सांगून राह्यली थे?" अप्पांनी मला विचारलं.

"वाढवून सांगा म्हणते."

"जेवन हाय काय वाढाले?"

मग आला चौथा प्रश्न : तुमच्या आयुष्यातला टर्निंग पॉइंट कोणता? तो ऐकला आणि अप्पा सावरून बसले. "कोनता मंजे? लय हायेत ना!"

बुलढाण्याहून मोताळ्याकडे उतरताना राजूर घाट लागतो. त्याचं एकूण एक वळण अप्पांनी सांगितलं. कुठे सेकंड गिअर, कुठे हॉर्न, कुठे धुकं उतरतं, कुठे समोरच्या ट्रकवाल्याला आधी जाऊ द्यायचं. एका वळणावर एक म्हातारा बकऱ्या घेऊन बसलेला असे. त्याला डोळ्यांनी दिसत नव्हतं. सकाळच्या गाडीचा हॉर्न ऐकला की तो बकऱ्या चरायला सोडायचा. "मंग एक हॉर्न जादा देत जाओ मी, त्याच्यासाठी," अप्पा म्हणाले. म्हातारा वारला. त्यानंतरही वर्षभर अप्पा तिथे तो जादाचा हॉर्न देत राहिले, कारण हात आपोआप जायचा.

बावीस मिनिटं! या घाटातून मी हजार वेळा गेले असेन, मला फक्त उलटी आलेली आठवते.

रेकॉर्डिंग ऐकून सायलीचा फोन आला. "आत्या, मी आयुष्यातला टर्निंग पॉइंट विचारला होता गं, रस्त्यातला नाही!"

फोन स्पीकरवर होता. अप्पा म्हणाले, "आयुष्यच सांगून राह्यलो ना मी, बाई!"

*

त्या दिवशी मला गुरुकिल्ली सापडली. अप्पांना सन आठवत नाहीत, ड्यूटी आठवते.

"लग्न कधी झालं?"

"खामगावची दुसरी पाळी होती तवा."

"दादा कधी झाला?"

"मलकापूर, सकाळची सहाची."

"आणि मी?"

"सोनाळा मुक्काम."

मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळी शेवटच्या गावाला जाऊन तिथेच थांबायची आणि सकाळी परत निघायची. सोनाळा म्हणजे पार सातपुड्याच्या पायथ्याशी. माझ्या जन्माच्या वेळी वडील घरी नव्हते, हे मला माहीत होतं. संधी मिळाली की मी ते त्यांना ऐकवतही असे. मग कळलं कसं तुम्हाला, असं मी पहिल्यांदाच विचारलं.

अप्पा सकाळी गाडी घेऊन परत येत होते. समोरून दुसरी एसटी आली. तिच्या ड्रायव्हरने खिडकीला खिडकी लावून गाडी थांबवली आणि ओरडला, "पोरगी झाली बे तुले!"

"मग तुम्ही काय केलं?"

"काय करतो? गाडीत पासिंजर होते. आलो गाडी घेऊन." मग म्हणाले, "समोरून येनाऱ्या सगळ्या गाड्यायले सांगत आलो."

"थांबून थांबून सांगितलं?"

"नाही वं. हेडलाइट देल्ले."

"दिवसाढवळ्या? त्यावरून कोणाला काय कळणार, अप्पा?"

"उन्हात हेडलाइट लावले मंजे कायतरी झालंच असन ना मानसाले!"

मी पन्नाशीची बाई. प्रश्नांची यादी तोंडासमोर धरून रडले. सोनाळ्यापासून मोताळ्यापर्यंत भर उन्हात दिवे लावत एक मुका माणूस माझी बातमी सांगत आला होता, आणि मी आयुष्यभर त्याला टोमणे मारले.

*

एकविसावा प्रश्न : तुम्ही केलेलं सर्वांत धाडसाचं काम कोणतं?

"गाडी नाही नेली."

बस्स. मी म्हटलं, अप्पा, हे न केलेलं काम झालं. धाडसाचं सांगा.

"थेच सांगून राह्यलो." मग विड्याचं पान जमवावं तशी सावकाश गोष्ट जमवली त्यांनी. पावसाळ्यात एका नाल्याला पूर आला होता. पुलावर गुडघाभर पाणी. गाडीत लग्नाचं वऱ्हाड, मुहूर्त टळत होता. पलीकडून एक जीप पाण्यातून आरामात येऊन गेली! झालं, वऱ्हाडी पेटले. ड्रायव्हर भित्रा आहे म्हणाले, बांगड्या भर म्हणाले. नवरदेवाच्या मामाने तर कॉलर धरली. अप्पांनी इंजिन बंद केलं, किल्ली खिशात टाकली आणि बिडी पेटवली.

"मग?"

"मंग पूल गेला."

"वऱ्हाडी काय म्हणाले?"

"काय मनतीन? मामानं माही कॉलर नीट करून देल्ली."

मी आईकडे पाहिलं. तिलाही हे पहिल्यांदाच कळत होतं. "त्या दिवशी घरी आल्यावर काय म्हणाले हे तुला?" मी विचारलं.

आई म्हणाली, "सदऱ्याचं बटन तुटलं मने."

*

सायली हुशार मुलगी आहे. तिने कुठलंसं ॲप वापरून सगळी रेकॉर्डिंग स्वच्छ केली. पंख्याचा आवाज काढला, कुत्र्यांचं भुंकणं काढलं, शेजारच्या मिक्सरची घरघर काढली आणि मधला खोकलाही काढला. अप्पांचा आवाज अगदी रेडिओसारखा खणखणीत यायला लागला. मी कौतुकाने आईला ऐकवला.

आईने कान लावून ऐकलं. तिचा चेहरा पडला. "मधात खोकले होते ना हे?"

"हो, तो सायलीने काढून टाकला."

"काऊन काढला? थो बी त्याइचाच हाय ना!"

सायलीला फोन केला. तिने गुपचूप सगळं जुनं परत पाठवलं. पंख्यासकट.

*

प्रश्न : तुमचा सर्वांत जवळचा मित्र कोण?

अप्पा म्हणाले, "शेख." शेखचाचा म्हणजे देऊळघाटचे कंडक्टर. अकरा वर्षं अप्पांच्याच गाडीवर होते. मी म्हटलं, काय काय गप्पा मारायचे तुम्ही? अप्पा माझ्याकडे बघतच राहिले. "थो मांगं, मी पुढं. मधात साठ मानसं. गप्पा कवा मारता?"

मी शेखचाचांना बोलावून घेतलं. म्हटलं, दोघं समोरासमोर बसले की आठवणींचा पूर येईल. दोघांच्या मध्ये मोबाइल ठेवला, चहा ठेवला.

पहिली पाच मिनिटं कोणी बोललं नाही. मग शेखचाचा म्हणाले, "शक्कर बराबर है." अप्पा म्हणाले, "हाव." पुन्हा पंधरा मिनिटं शांतता. मी दाराआडून खुणा करून दमले! अखेर शेखचाचा उठले. दोघांनी एकमेकांचे हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं.

दारात पोचल्यावर शेखचाचांनी मागे वळून न पाहता बोटातल्या अंगठीने चौकटीवर दोनदा वाजवलं. टक, टक. एसटीत एक घंटी म्हणजे थांबा आणि दोन घंट्या म्हणजे चला. खुर्चीत बसलेल्या अप्पांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला.

हे रेकॉर्डिंग सायलीने डिलीट केलं नाही. ठेवायचं कशाला, असं मी विचारलं तर म्हणाली, "आत्या, वेडी आहेस का? यात सगळ्यात जास्त बोललेत ते."

*

सगळे किस्से असे गोड नाहीत. शेवटून दुसऱ्या दिवशी प्रश्न होता : आयुष्यात कसला पश्चात्ताप होतो का?

मला वाटलं, नाही म्हणतील. ते म्हणाले, "एक पोरगी होती."

मी दचकलेच! आई भाजी निवडत होती, तिचाही हात थांबला.

"फाट्यावर पळत येऊन राह्यली होती. हातात पॅड, कंपासपेटी. धाव्वीचा पेपर असन. मले आरशात दिसली. गाडीले उशीर झालता. नाही थांबलो."

पुढे तिचं काय झालं, हे त्यांना कधीच कळलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र अप्पांच्या गाडीला कोणीही, कुठेही हात केला की ती थांबायची. रस्त्यावरचे लोक कौतुक करायचे, वरचे साहेब रागवायचे. वेळेवर गाडी न आणण्याबद्दल अप्पांना दोन वेळा मेमो मिळाला, हे आम्हाला घरी माहीत होतं. कशामुळे, ते माहीत नव्हतं.

"अजूनही आठवते का ती?" मी विचारलं.

"आरशात दिसते ना."

"अप्पा, आता कुठे आहे गाडीचा आरसा?"

"दाढी करतो तवा," अप्पा म्हणाले.

मी रेकॉर्डिंग बंद केलं. उरलेले चार प्रश्न त्या दिवशी विचारले नाहीत.

*

ऑपरेशन संभाजीनगरला होतं. सकाळी लवकरच अप्पांना हिरवे कपडे घातले. वॉर्डात मोबाइल बंद करायला सांगितलं होतं, म्हणून तो माझ्या पर्समध्ये होता. पन्नासच्या पन्नास प्रश्न संपले होते. अप्पांचा आवाज तोवर बराच बसला होता, पण कळत होता. आई पलंगाच्या पायथ्याशी स्टुलावर बसून होती. दहा दिवस आम्ही अप्पांना इतकं विचारलं, पण तिने स्वतःहून काही विचारलं नव्हतं.

सिस्टर फॉर्म घेऊन आल्या. तरुण होत्या, घाईत होत्या. "आजोबा, पूर्ण नाव सांगा." अप्पांनी सांगितलं. "वय? कशाचं ऑपरेशन आहे? कवळी आहे का?" अप्पा शहाण्या मुलासारखी उत्तरं देत होते.

"सोबत कोण आहे?"

"पोरगी हाय. अन् बायको."

"बायकोचं नाव?"

आमच्याकडे त्या पिढीतली माणसं बायकोचं नाव घेत नाहीत. आईला हाक मारायची तर अप्पा 'आयकलं काय' म्हणत, किंवा नुसतं भांडं वाजवत. रेशन कार्डाच्या रांगेतसुद्धा ते कागद पुढे करत, तोंडाने सांगत नसत. आत्ताही त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी तोंड उघडलं, तर सिस्टरने मला हातानेच थांबवलं. "तुम्ही नका सांगू, मॅडम. पेशंटनेच सांगायचं असतं."

अप्पांनी पलंगाची दांडी धरली. एकदा खोकले. छताकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं.

"कौतिका," ते म्हणाले.

सिस्टरने लिहून घेतलं आणि पान उलटलं.

आई स्टुलावरून उठली. पदर सारखा केला, सिस्टरच्या जवळ गेली आणि हळूच म्हणाली, "बाई, तुमाले नीट आयकू आलं नसन. आनखी एक डाव इचारा ना त्याइले."