तो नमस्कार नव्हता

डॉ. वसुधा देवस्थळी यांचा व आमचा परिचय माझ्या प्रमादातून झाला. फ्रँकफर्टला मुलाकडे असताना पाच महिन्यांच्या ईशानला, माझ्या नातवाला, मी पूजेच्या वेळी मांडीवर घेत असे. नुकतेच झोपेतून उठलेले ते बाळ हात पसरून पुढे झुके; पुन्हा झुके; ओळीने वीसेक वेळा.

"अहो, हे काही बरं लक्षण दिसत नाही," पत्नी म्हणे.

"देवाला नमस्कार करतोय तो. पूर्वसंस्कार आहेत! तुला सांगून जमत नाही, ते त्याला न सांगता जमतं."

डॉक्टरांकडे निघालेल्या सुनेलाही मीच थांबवले. आयुष्यभर ग्रंथांचे अर्थ लावले. नातवाच्या देहाचा मात्र चुकीचा लावला.

तीन आठवड्यांनी लस टोचणाऱ्या डॉक्टरांनी ते झुकणे पाहिले आणि त्याच दिवशी आम्हांला तिथल्या बालमेंदूविकारतज्ज्ञ वसुधाताईंकडे धाडले. ताईंनी खोलीत अंधार करून अतिनील दिवा बाळाच्या पाठीवर धरला. एरवी न दिसणारे फिकट डाग पानांसारखे उजळले.

"आजोबा, हा नमस्कार नाही. झटके आहेत. मेंदूत जन्मतः गाठी असाव्यात. त्यांची खूण त्वचेवर उमटली आहे."

"तीन आठवड्यांच्या उशिरानं काही बिघडलं का?"

"हो. किती, ते आज सांगता येणार नाही."

ताईंनी खोटा धीर दिला नाही. सुनेसमोर मला दोषही दिला नाही.

ईशान आज सात वर्षांचा आहे. बोलत नाही.

धाकटी नात रेवा जन्मली, तेव्हा तिलाही ही व्याधी असू शकते म्हणून ताई स्वतः दिवा घेऊन प्रसूतिगृहात आल्या. तेच डाग. सून भिंतीकडे तोंड करून रडू लागली. ताई म्हणाल्या, "रडून घे. मग वही काढ, तारखा लिहायच्यात." दर चार आठवड्यांनी मेंदूचा आलेख. एस-बानचा, म्हणजे तिथल्या लोकल गाड्यांचा, संप होता, त्या दिवशी ताई आपली गाडी घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. चौथ्या महिन्यात आलेख बिघडला आणि पहिल्या झटक्याआधीच औषध सुरू झाले.

रेवा बोलते. तपासणीच्या खोलीत तीच फर्मावते, "लिष्ट आउस!" आणि ताई निमूटपणे दिवे मालवतात. व्याधी गेलेली नाही. अशा गाठी इतरत्रही उठू शकतात, म्हणून मेंदू, मूत्रपिंडे, हृदय यांवर पहारा जन्मभराचा आहे.

ताईंना साठ वर्षे पूर्ण होत असताना माझे मागणे स्वार्थाचे आहे: रेवा जाणती होईतो, आणि त्यानंतरही पुष्कळ काळ, त्यांची दृष्टी निर्मळ, हात स्थिर, देह निरामय राहो. वयाने मी वडील. आशीर्वादाचा अधिकार माझा. तो देऊन झाल्यावर त्यांच्यापुढे वाकतो आहे. हा मात्र नमस्कारच आहे.