कॅसेटची दुसरी बाजू

खोकल्याच्या औषधाचा वास आला, की पिंप्राळ्यातली आमची खोली आठवते. माझा पोरगा छातीच्या दुखण्यानं खाटेला लागलेला. दीपनगरहून त्याचा मैतर भेटायला यायचा, तर हा त्याला रॉक का काय म्हणतात, त्या इंग्रजी कॅसेटी सांगायचा, कोणती आधी ऐक, कोणती मग. एकदा आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, "माले बी सांग ना एखादी." तो हसला. "ही लाव, माय. बठ्ठा गाणा मिळीसन एकच गोट शे. एक पोरगा घर सोडी जास." "मंग परत येस का?" मी गोष्टीतल्या पोराचं विचारलं. "दुसरी बाजू लाव, समजी जाई." मी कॅसेट पलटवली, बटन दाबलं, वळून पाहिलं तर त्याचा श्वास थांबलेला. माझी हाक ऐकून शेजारणी धावत आल्या, टेप बंद करायला लागल्या. मी म्हटलं, "राहू द्या." तसंच बसून शेवटपर्यंत ऐकलं. भाषा काही कळली नाही. त्याचा मैतर अजून येतो, पण गोष्टीतला तो पोरगा घरी आला का, हे मी त्याला विचारत नाही.