सुबाण्णा वेळेवर आला होता

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. ‘आमच्या ह्यांनी माझ्यापासून कधी काही लपवलं नाही,’ असं ती चारचौघींत ठासून सांगते, आणि मी शेजारच्या खोलीत बसून ते ऐकतो. देवापुढे हात जोडले की हीच गोष्ट ओठांवर यायची. पण तिथंही मी पावसापाण्याचं, पोराबाळांचं काहीतरी पुटपुटून उठायचो. म्हणजे देवालाही मी फसवत आलो का? आलो असेन. तुम्ही मला ओळखत नाही, हे एका परीनं बरं आहे. जे ओळखतात ते सगळे मला खरं बोलणारा माणूस म्हणून ओळखतात. दुखणं तिथंच आहे.

मी शहापूरचा विणकर. घरात दोन माग. मराठी चार इयत्ता झालेल्या — आणि आमच्या गल्लीत त्या काळी तेवढंही कुणाचं झालेलं नव्हतं. म्हणून वर्तमानपत्र वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. मारुतीच्या देवळाच्या कट्ट्यावर बसून मी वाचायचो, पंचवीस-तीस माणसं ऐकायची. पदरचं एक अक्षर घालत नसे. कुणी म्हणालं, ‘आप्पा, जरा रंगवून सांगा की,’ तर मी त्याच्याकडे असा बघायचो की तो गडी गप्पच व्हायचा. ‘आप्पानं सांगितलं म्हंजे झालं,’ असं लोक म्हणत. मला ते ऐकायला आवडायचं. किती आवडायचं, ते मला पुढं कळलं.

बेळगावात एक डॉक्टर होते. प्लेगच्या साथीत लोक घरं सोडून माळावर झोपड्या घालून राहिले, तेव्हा हा माणूस झोपडी-झोपडीत जाऊन रोग्यांजवळ बसला होता. आमच्या गल्लीतली निम्मी माणसं त्यांच्या हातून वाचलेली. एके दिवशी नुकतं फटफटत असताना ते आपल्या परसातल्या विहिरीवर पाणी शेंदत होते, तिथंच मागून कुणीतरी कुऱ्हाड घातली. ही गोष्ट सव्वीस वर्षांपूर्वीची. बातमी आली तेव्हा बायका चुली सोडून रस्त्यावर आल्या. बाजार कुणी न सांगता बंद झाला. मी स्वतः रडलो — ते रडणं खरं होतं, एवढं मात्र म्हणू द्या.

कुणीतरी पळत शहापूरच्या रस्त्याला लागलेलं एका गवळ्यानं पाहिलं होतं. झालं. बेळगाव इंग्रजांचं, शहापूर संस्थानचं. पण त्या पंधरवड्यात दोन्हीकडचे पोलीस आमच्याच गल्लीत. तरणे गडी उचलून चावडीपुढे उन्हात बसवायचे, संध्याकाळी सोडायचे, सकाळी परत उचलायचे. माग बंद पडले. लोक एकमेकांकडे बघेनासे झाले. सापडू दे एकदाचा तो, असं जो तो म्हणायचा. पण मनातून काय म्हणायचा? माझ्या घरातला नसू दे, बस. मीही तेच म्हणत होतो.

आणि मग सुबराव सापडला. सुबराव माझा दोस्त, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी थोरला, माझ्या घरापासून तिसरं घर. मी त्याला सुबाण्णा म्हणायचो. त्याची एकुलती एक मुलगी महिन्यापूर्वी तापानं गेली होती. डॉक्टर दुसऱ्या रोग्याकडे अडकले, पोचायला उशीर झाला. सुबाण्णानं भर दवाखान्यात, दहा जणांसमोर, ‘तुमास्नी बघून घेतो’ म्हणून आरडाओरडा केला होता. बाप होता तो. पण ते वाक्य दहा जणांच्या ध्यानात राहिलं, आणि फौजदाराला तेवढं पुरलं.

त्या दिवशी गल्लीत काय झालं म्हणून सांगू? त्याला दोरी लावून नेताना ज्या बायकांनी त्याच्या मुलीला न्हाऊमाखू घातलं होतं, त्यांनीच चिखल मारला. एक म्हातारा विणकर, ज्याला सुबाण्णा काका म्हणायचा, तो पुढे होऊन थुंकला. मारुतीला नारळ फुटले. साखर वाटली. — होय, साखर! खुनी सापडला याची, की आपण सुटलो याची? मीही मूठभर घेतली, तोंडात टाकली. दुसऱ्या दिवशी सुबाण्णाच्या मागाच्या खड्ड्यात, जिथं पाय सोडून विणायला बसतात तिथं, कुणीतरी राख आणि केरकचरा आणून ओतला. सुबाण्णाला पकडल्याची बातमी मी कट्ट्यावर वाचली तेव्हा लोकांनी टाळ्या पिटल्या. मी नेहमीसारखंच वाचलं. पदरचं काही घातलं नाही.

आता मूळ गोष्टीवर येतो. येववत नाही, पण येतो.

खुनाच्या दिवशी पहाटे माझ्या घरची पाजणी होती. पाजणी म्हणजे मागावर चढवण्याआधी ताण्याच्या सुताला खळ लावायची. सूत गल्लीभर लांब पसरतात, दोन टोकांना दोन माणसं दोर ताणून धरतात, आणि मधली माणसं खळीत बुडवलेले कुंचे फिरवत जातात. एकट्यादुकट्याचं काम नव्हे, म्हणून शेजारी एकमेकांना येतात. उन्हानं खळ तडकते, तेव्हा अंधारातच सुरुवात करायची. मधल्यांची मान सदा खाली, सुतावर. टोकाची दोघं मात्र समोरासमोर. समोरच्यानं बोटभर ढील दिली तरी आपल्या तळहाताला कळतं. एका टोकाला मी होतो, सूत माझं म्हणून. दुसऱ्या टोकाला सुबाण्णाच असायचा, दर खेपेला. त्याच्याइतका सारखा ताण गल्लीत दुसऱ्या कुणाला जमत नव्हता.

सुबाण्णानं फौजदाराला हेच सांगितलं — मी आप्पाच्या पाजणीला होतो. तेव्हा आम्हा सगळ्यांना चावडीवर बोलावलं. मधले सहा जण आधी आत गेले. सहाही जणांनी एकच सांगितलं. सुबराव आलता, पण कवा आलता ते ध्यानात न्हाय, आमची मान खाली हुती, आप्पास्नी इचारा. ते खोटं बोलले का? पुरतं खोटं नाही. त्यांनी फक्त ते ओझं माझ्या अंगावर टाकलं आणि ते बाहेर येऊन बसले.

मी आत गेलो. मला सही करता येत होती म्हणून फौजदारानं मला खुर्ची दिली. आमच्या गल्लीतल्या कुणालाही चावडीवर तोवर खुर्ची मिळाली नव्हती. बाहेर दोन-तीनशे माणसं जमलेली. खिडकीतून मला त्यांची तोंडं दिसत होती. माझी सगळी ऐकणारी माणसं. सुबराव उजाडायच्या आत तुमच्याकडे होता की नव्हता, एवढंच फौजदारानं विचारलं.

काय झालं मला? भीती वाटली — वाटलीच. तो होता म्हणालो असतो तर ही सगळी माणसं उठून उद्या माझ्या दारात आली असती. पोलीस परत गल्लीत, गडी परत उन्हात. माझ्या मागाच्याही खड्ड्यात राख. पण खरं सांगायचं तर एवढंच नव्हतं. ती तोंडं माझ्याकडे बघत होती, आणि त्यांना काय ऐकायचंय ते मला दिसत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला रंगवून सांगावंसं वाटलं.

मी म्हणालो, ‘आला होता. पण उशिरा. चांगलं उजाडल्यावर. तोवर आम्ही खळ घोटत त्याचीच वाट बघत बसलो होतो.’

फटफटल्यापासून उजाडेपर्यंतचं, अर्ध्या-पाऊण तासाचं खोटं. बस, एवढंच. डॉक्टरांच्या परसातून आमच्या गल्लीत चालत यायला तेवढाच वेळ लागतो.

सुबाण्णा उशिरा आला नव्हता. तो सगळ्यांच्या आधी आला होता. मी दार उघडलं तेव्हा अंधारात माझ्या पायरीवर बसलेला. ‘घरात बसवत न्हाय रं,’ एवढंच बोलला. खळ त्यानंच घोटली. त्यानंच टोक धरलं. तांबडं फुटलं ते आम्ही दोघांनी दोर हातात धरून पाहिलं. इकडे मी होतो आणि तिकडे तो. मधली सहा माणसं ध्यानात नाही म्हणाली तरी माझे तळहात कसे नाही म्हणणार होते? पण म्हणाले. सही त्याच हातांनी केली.

कोर्टातही मी तेच बोललो. वाटेत मन बदलेल असं मला वाटत होतं. टांग्यात बसलो, उतरलो, पायऱ्या चढलो, शपथ घेतली. प्रत्येक वेळी म्हटलं, आता बोलू. मग बोललो ते तेच, चावडीवरचं, शब्द न् शब्द. पिंजऱ्यातून सुबाण्णा माझ्याकडे बघत होता. शिव्या देईल, ओरडेल, असं मी धरून चाललो होतो. त्याच्या वकिलानं माझी उलटतपासणी सुरू केली, आरोपीशी तुमचं काही वैर आहे का, खोटं बोलताय का, तेव्हा सुबाण्णाच मधे म्हणाला, ‘न्हाय साहेब, आप्पा खोटं बोलनारा मानूस न्हवं. त्येला इसर पडला असंल.’

सरकारी वकिलाला आणखी काय पाहिजे होतं? तो उठून म्हणाला, साक्षीदार खोटं बोलत नाही हे आरोपीच कबूल करतो आहे. सगळं कोर्ट माझ्याकडे कौतुकानं बघायला लागलं. मी मान खाली घातली. लोकांना तो माझा विनय वाटला.

त्याला फाशी झाली. खरा मारेकरी कोण होता, ते मला आजही ठाऊक नाही. मी फार शोधलं असंही नाही.

इथं थांबलो असतो तर तुम्ही म्हणाला असतात, भित्रा होता बिचारा. पण वैनी राहिली ना. सुबाण्णाची बायको. तिनं त्या पहाटे त्याला अंधारात घरातून निघताना पाहिलं होतं. आप्पाच्या पाजणीला जातो, असं सांगून तो निघाला होता. आणि आप्पा म्हणतो, उजाडल्यावर पोचला. तीन घरांचं अंतर! मधल्या वेळात कुठं होता? तिनं नवऱ्याचा शब्द आणि माझा शब्द शेजारी-शेजारी ठेवून पाहिला, आणि माझा उचलला. निकाल लागला त्याच दिवशी, नवरा तुरुंगात जिवंत असताना, तिनं कुंकू पुसलं. गल्लीनं तिची वाखाणणी केली. बाई म्हणावी तर अशी, म्हणाले. फाशीच्या आधी शेवटच्या भेटीचा निरोप घेऊन शिपाई आला, तर तिनं त्याला दारातूनच परत पाठवला. वर्षश्राद्ध केलं नाही, कधी त्याचं नाव घेतलं नाही.

पुढची सगळी वर्षं ती माझ्याच घरी कांड्यांवर बाण्याचं सूत भरायला येत होती. मीच काम दिलं होतं. आप्पा मोठ्या मनाचा, लोक म्हणत. तिच्या हातून भरलेल्या कांड्या मी रोज मागावर इकडून तिकडे फेकायच्या धोट्यात घालायचो आणि विणायचो.

यंदा भादव्यात ती आजारी पडली. अन्न सुटलं, पण बोलणं स्वच्छ. मी भेटायला गेलो तेव्हा शेजारणीला तिनं बाहेर जायला सांगितलं. मला वाटलं, कळलं हिला. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं.

ती म्हणाली, ‘भाऊजी, एक इचारू? खरं सांगनारं तुमीच हायसा म्हनून इचारते. त्येंनी शेवटचं भेटायला बलीवलं हुतं. मी गेले न्हाय. लई वरसं झाली, पर अजून डोळा लागला की त्ये दारात उबं असत्यात. म्या बरोबर केलं न्हवं?’

खोलीत आम्ही दोघंच होतो. बाहेर माणसं नव्हती, फौजदार नव्हता, खुर्ची नव्हती. माझ्या मागाच्या खड्ड्यात राख टाकायला आता कोण येणार होतं? मी म्हाताऱ्या बाईचा हात हातात घेतला.

‘बरोबर केलंसा, वैनी,’ मी म्हणालो.

तिनं डोळे मिटले, आणि तिच्या तोंडावरचा ताण हळूहळू गेला. त्यानंतर ती दोन दिवस जगली. शुद्धीवर होती, माणसं ओळखत होती. त्या दोन दिवसांत मी तिच्याकडे चार वेळा जाऊन आलो.