दामियाना मावशीने ठोठावलेली दारं

आमचं गाव जरा बदनाम आहे. हेरोद राजाच्या भीतीने मरियम बाळ येशूला घेऊन आमच्या मिसर देशात पळून आली, तेव्हा म्हणे तिने आमच्या गावात थोडी कणीक मागितली आणि एकाही बाईने दार उघडलं नाही. तेव्हापासून आमच्याकडे भाकरी नीट फुगत नाही. पलीकडच्या गावचे पाहुणे आजही आमची भाकरी बोटाने दाबून बघतात आणि हसतात. मला त्यांचा भारी राग येतो. त्या गोष्टीचं सोनं करणारी एकच बाई गावात होऊन गेली, दामियाना सुईण.

मावशी तोंडाची फटकळ. कळा देणाऱ्या बाईला सांगायची, "ओरडू नकोस गं. ती मरियम माउली गुहेत बाळंत झाली. तुझ्याखाली निदान गादी आहे."

मी दिवस भरण्याआधीच जन्मले, मांजरीच्या पिलाएवढी. आईला ताप चढला आणि दूध आलंच नाही. बकरीचं मला पचेना. सातव्या दिवशी बाळाला चाळणीत घालून हलवायचं, नाव ठेवायचं, ही आमच्याकडची रीत; तिची तयारीसुद्धा आजी करेना. म्हणाली, "जगली तर बघू." मावशीने मला झग्याच्या आत छातीशी बांधलं आणि ती निघाली.

ज्या घरी तान्हं मूल, त्या घरी ती जाई, मग घर ख्रिस्ती असो की मुसलमान. "एकदा या गावाने दार लावलं, त्याची भाकरी आपण अजून खातोय. पुन्हा नको गं बायांनो." दारं उघडायची. फक्त लोहाराची बायको कुरकुरली, "मावशी, हिला पाजलं तर माझा मुलगा हिचा दूधभाऊ होईल. दूधभावाशी लग्न चालत नाही, उद्या पंचाईत."

"आधी हिला उद्यापर्यंत जगू दे," मावशी म्हणाली, "नवरा मग शोधू."

पंचाईत पुढे झालीच. गावातले लग्नाजोगे सगळे मुलगे माझे दूधभाऊ निघाले आणि नवरा नदीपलीकडून आणावा लागला. तो घोरतो. हा दोष मी मावशीच्या माथी मारते.

पण प्रत्येकीचं स्वतःचं बाळ भुकेलं. माझ्या वाट्याला घोट-दोन घोट यायचे. मी रडायचीही थांबले, तेव्हा मात्र मावशी घाबरली. भरपूर दूध असलेली बाई गावात एकच होती, होडीवाल्याची बायको नजात. त्याच आठवड्यात तिचं बाळ जन्मताच गेलं होतं. तेही मावशीच्याच हातात.

"तिच्या दारी जाऊ नकोस," आजी म्हणाली. "शिव्या घालेल ती तुला."

"घालू दे," असं म्हणून मावशी गेली.

नजात दारात आली. तिचा झगा छातीशी दुधाने भिजला होता. मावशी नुसती मला पुढे धरून उभी राहिली.

"साऱ्या गावाला ती गोष्ट सांगत फिरतेस," नजात म्हणाली. "मला नाही सांगणार?"

"तुला कुठल्या तोंडाने सांगू, बाई?"

नजातने मला तिच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतलं आणि पाजायला बसली. मावशी हळूच मागे वळली.

"निघालीस कुठे?" नजात म्हणाली. "गावातल्या सगळ्या बाया माझ्याकडे येऊन रडून गेल्या. तू तेवढी आली नाहीस. त्यांच्यापैकी एकीनेही माझ्या बाळाला हातात घेतलं नव्हतं. माझ्याखेरीज तूच घेतलं होतंस. बस इथे."

मावशी उंबऱ्यातच बसली आणि हमसून हमसून रडली. हे सगळं नजातनेच मला पुढे कितीदा तरी सांगितलं. मी अंगणात धावायला लागेपर्यंत तिने मला पाजलं, आणि मी तिला आईच म्हणते. त्या दिवशी मावशीबरोबर तीही रडत होती. या दोघींचे उपकार माझ्याकडून कधी फिटायचे नाहीत. त्या रडत होत्या, आणि मी जन्मात पहिल्यांदा पोटभर पिऊन झोपी गेले.